छातीवरचा घोडा

इंदुरात विजेची तक्रार वरपर्यंत न्यायची असली की माणूस पोलोग्राउंडला जातो. पश्चिम क्षेत्र वीज वितरण कंपनीचं मुख्य कार्यालय तिथे आहे. भोवती औद्योगिक वसाहत आहे : लहान कारखाने, गोदामं, माल भरणारे टेम्पो. रोज तिथे कामाला जाणाऱ्या कुणालाही त्या नावात काही विशेष वाटत नाही. नाव संस्थानी काळातलं आहे आणि जागेला चिकटून राहिलं आहे, एवढंच. तिथे पोलोचा चेंडू शेवटचा कधी टोलवला गेला, याची खंत करत बसायला इंदूरकराला वेळ नाही.

शहराच्या नव्या अंगाला, आग्रा-मुंबई रस्त्यावर, विजय नगर आहे. विकास प्राधिकरणाच्या योजनांनी वसलेला हा भाग. इथे पत्तेसुद्धा स्कीम नंबर ५४, स्कीम नंबर ७४ असे सांगतात. चौकाच्या आसपास सी-२१, मल्हार, मंगल सिटी, ऑर्बिट असे मॉल, त्यांच्या मागे कोचिंग क्लासेस, आयटीची छोटी-मोठी ऑफिसं, मुला-मुलींची हॉस्टेलं आणि संध्याकाळी मेघदूत उपवनाजवळच्या चौपाटीवर खाणाऱ्यांची झुंबड. या झुंबडीत जरा छात्यांकडे बघा. डाव्या बाजूला, हृदयाच्या जागी, रुपयाच्या नाण्याएवढा एक घोडेस्वार दिसेल. कुठे एक, कुठे दोघे, कुठे शर्टाच्या निम्म्या रुंदीचा एकच दांडगा. हातातली काठी उगारलेली, घोडा चौखूर. पोलोग्राउंडातून गेलेले घोडे विजय नगरात असे सुती दोऱ्याचे होऊन परतले आहेत.

ज्यांच्या अंगावर हे घोडे आहेत त्यांतल्या बहुतेकांनी पोलोचा एकही सामना पाहिलेला नाही. पाहायची सोय तरी कुठे आहे? माझं म्हणणं असं की धंद्याच्या दृष्टीने हा दोष नसून हेच भांडवल आहे. घोडा जितका दूर जातो तितकी त्याच्या चित्राची किंमत चढते. पोलोच्या नावावर उभ्या राहिलेल्या उंची कपड्यांच्या धंद्याची सगळी गोष्ट या एका वाक्याभोवती फिरते, आणि ती नीट समजायची तर आधी खऱ्या घोड्यावरच्या खऱ्या कपड्यांपाशी जावं लागेल.

खेळ आपल्याकडचाच. मणिपुरात 'सगोल कांगजेई' पिढ्यान् पिढ्या चालत आला होता. आसामातल्या चहामळेवाल्या इंग्रजांनी तो पाहिला आणि १८५९ साली सिल्चरला त्यांचा क्लब निघाला. त्यात पुढाकार होता जोसेफ शेरर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याचा. पुढच्या चार-पाच वर्षांत खेळ कलकत्त्याला पोचला, तिथून पलटणींबरोबर छावण्या-छावण्यांत आणि मग साहेबाच्या सामानातून विलायतेला. १८७५ मध्ये लंडनच्या हर्लिंगहॅम क्लबने नियम छापले. १८७६ मध्ये जेम्स गॉर्डन बेनेट या न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रमालकाने तो अमेरिकेत नेला आणि १८९० मध्ये तिथे यू. एस. पोलो असोसिएशन ही नियामक संस्था स्थापन झाली. हे साल लक्षात ठेवा. पुढे कोर्टात त्याचा काही उपयोग झाला नाही, ही त्यातली गंमत आहे.

खेळ खर्चिक का, हे आकड्यांतच दिसतं. मैदान तीनशे यार्ड लांब आणि एकशे साठ यार्ड रुंद, म्हणजे जवळपास दहा एकर हिरवळ. दर बाजूला चार खेळाडू. सात मिनिटांची एक चक्कर संपली की घोडा बदलायचा, कारण भरधाव धावून तो फेसाळलेला असतो. म्हणजे एकेका खेळाडूमागे चार-सहा घोडी, त्यांचे मोतद्दार, दाणावैरण, तबेला. हे परवडणारे लोक हिंदुस्थानात दोनच : घोडदळाच्या पलटणी आणि संस्थानिक. दुसऱ्यांचा खर्च रयत सोशी.

मध्य हिंदुस्थानात दोन्ही भरपूर होते. इंदुरात इंग्रज सरकारच्या एजंटाची रेसिडेन्सी होती, वीस-पंचवीस किलोमीटरवर महूची छावणी होती, आणि राजपुत्रांना शिकवायला डेली कॉलेज होतं. तिथे घोडेस्वारी अभ्यासाइतकीच महत्त्वाची मानत. भोपाळचे नवाब हमीदुल्ला खान स्वतः अव्वल दर्जाचे पोलोपटू. जयपूरच्या मानसिंहांच्या संघाने १९३३ साली इंग्लंडच्या मोसमातल्या मोठ्या स्पर्धा एकामागून एक जिंकल्या तेव्हा तिथली वर्तमानपत्रं वेडी झाली. इंदूरच्या होळकरांनी मात्र आपलं नाव दुसऱ्या खेळात, क्रिकेटमध्ये काढलं. तुकोजीराव तिसरे यांनी १९२३ मध्ये सी. के. नायडूंना इंदूरला आणलं, आणि होळकर संघाने पुढे रणजी करंडक चार वेळा जिंकला. आजही इंदुरातलं स्टेडियम होळकरांच्या नावाचं आहे ते क्रिकेटचं. २८ मे १९४८ ला संस्थानं विलीन होऊन मध्य भारत अस्तित्वात आला, १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे गेले, आणि दहा एकर हिरवळ घोड्यांसाठी मोकळी ठेवण्याचं कारण उरलं नाही. देशात पोलो टिकला तो मुख्यतः जयपूर, दिल्ली, कलकत्ता, मुंबईचं महालक्ष्मी अशा ठिकाणी आणि सैन्यात.

आता कपडे. पोलोतून खरोखर जन्मलेला, जगभर गेलेला कपडा कोणता, असं विचारलं तर दहातले नऊ जण कॉलरवाल्या टी-शर्टाकडे बोट दाखवतील. खरं उत्तर आहे विजार. जोधपूरचे सर प्रताप सिंह हे त्या राज्याचे कर्तेधर्ते, पट्टीचे स्वार आणि पोलोवेडे. मारवाडात घोड्यावर बसणारा माणूस चुडीदाराच्या जातीची विजार घाले : पोटरीला घट्ट, वर सैल. प्रताप सिंहांनी तिला पोलोच्या कामाला आणखी बेतलं. मांड्यांशी फुगीर, म्हणजे खोगिरावर झुकताना, वळताना कापड ताणलं जाऊ नये. गुडघ्याखाली चापून बसणारी, म्हणजे रिकिबीच्या चामड्याने चामडी सोलू नये. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवासाठी ते लंडनला गेले आणि ही विजार तिथल्या शिंप्यांनी उचलली. वाटेत त्यांचं सामान समुद्रात गेलं आणि अंगावरच्या एकुलत्या विजारीवरून दुसरी शिवून घ्यावी लागली, असा एक किस्सा सांगतात. किस्सा चवदार आहे, सामान बुडालं असो वा नसो. नाव पडलं 'जोधपूर्स', आणि इंग्रजी कोशांत ते आजही आहे.

या विजारीवर कुणाची मालकी नाही. छातीवर चित्र नाही, मांडीवर शिक्का नाही. जो शिवेल त्याची. याच दरबारी घराण्यातला जोधपुरी बंदगळ्याचा कोट इंदूरच्या लग्नसराईत भाड्याने मिळतो आणि विजय नगरचा नवरदेव तो घालून घोडीवर चढतो. बहुतेकांच्या आयुष्यातली घोड्यावरची ती एकमेव स्वारी. पोलोच्या जगातून आलेला अस्सल कपडा त्या वेळी त्याच्या अंगावर असतो आणि त्याला तो पोलोचा वाटत नाही.

शर्टाची कूळकथा अशी सरळ नाही. एकोणिसाव्या शतकातले पोलोपटू लांब बाह्यांचा जाड सुती शर्ट घालत. धावत्या घोड्यावर त्याची कॉलर फडफडून तोंडावर येई, म्हणून तिची टोकं बटणांनी शर्टाला टाचत. न्यूयॉर्कच्या ब्रूक्स ब्रदर्स या जुन्या पेढीच्या जॉन ब्रूक्सने इंग्लंडात सामना पाहताना ही बटणं हेरली आणि घरी येऊन तसे शर्ट काढले. ऑफिसात घालतात तो 'बटन-डाउन' शर्ट हा असा पोलोचा खरा वारस, पण त्याला पोलो म्हणायची पद्धत आपल्याकडे पडली नाही.

आपण ज्याला पोलो टी-शर्ट म्हणतो तो टेनिसचा. फ्रान्सचा रेने लाकोस्त कडक बाह्यांच्या शर्टात खेळून कंटाळला होता. त्याने १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या स्पर्धेत अर्ध्या बाह्यांचा, विणलेल्या कापडाचा, मऊ कॉलरीचा शर्ट घातला. खेळताना वर सरकू नये म्हणून मागची बाजू पुढच्यापेक्षा लांब ठेवली. आजही चांगल्या शर्टात ती तशीच असते. चिकाटीमुळे त्याला 'मगर' म्हणत, म्हणून मगरीचं चित्र आलं, आणि १९३३ मध्ये आंद्रे जिलिए या होजिअरीवाल्याबरोबर त्याने कंपनी काढली. पोलोपटूंना हा शर्ट सोयीचा वाटला, त्यांनी तो घेतला आणि नावही त्यांचंच चढलं. टेनिसवाला बिचारा मगर सांभाळत राहिला. त्याच्या आसपासच अर्जेंटिनात लुइस लेसी नावाचा पोलोपटू-दुकानदार घोडेस्वाराचं भरतकाम केलेले शर्ट विकत होता, असं सांगतात. म्हणजे छातीवरचा घोडासुद्धा ज्याच्या नावावर आज ओळखला जातो त्याचा पहिला नव्हे.

तो ज्याच्या नावावर ओळखला जातो तो माणूस घोड्यांमध्ये वाढलेला नव्हता. राल्फ लिफशिट्झ १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मला. आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू. वडील घरं रंगवण्याचं काम करत आणि फावल्या वेळात चित्रं काढत. आडनावावरून शाळेत पोरं छळत. सोळाव्या वर्षी ते लॉरेन झालं. पुढे काही काळ तो त्याच ब्रूक्स ब्रदर्समध्ये विक्रेता होता. १९६७ मध्ये त्याने एका टाय बनवणाऱ्या कंपनीला गळ घातली : मला रुंद, भारी कापडाचे टाय करू द्या. एम्पायर स्टेट इमारतीत त्याला जागा मिळाली ती जवळपास एका कप्प्याएवढी. टायवर लेबल लावलं 'पोलो'. पोलो तो खेळत नव्हता. त्याला हवा होता तो त्या शब्दामागचा वारा : वडिलोपार्जित पैसा, उन्हातली सुस्त दुपार, घाई नसलेली माणसं. ब्लूमिंगडेल्स या बड्या दुकानाने सांगितलं, टाय जरा अरुंद करा आणि आमचं नाव लावा. त्याने बॅग बंद केली आणि निघून आला. काही महिन्यांनी तेच दुकान त्याच्या अटींवर टाय मागायला आलं. छोट्या माणसाने मोठ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं, हे उंची मालाच्या धंद्यातलं पहिलं भांडवल असतं. ते ज्याला साधतं त्याचं बाकीचं पुढे जमतं.

१९६८ मध्ये पुरुषांचे कपडे आले, १९७१ मध्ये बायकांच्या शर्टाच्या मनगटावर घोडेस्वार आला, आणि १९७२ मध्ये तो सुती जाळीदार शर्ट, एकदम चोवीस रंगांत. यात लॉरेनची खरी अक्कल दिसते. तेव्हा बाजारात कृत्रिम धाग्याचा बोलबाला होता. कपडा धुऊन नवाच दिसावा, ही जाहिरात. याने निव्वळ सुती घेतला, जो धुण्यागणिक विटतो आणि मऊ होतो. जुना दिसणारा कपडा म्हणजे जुन्या घरातला माणूस, ही खूण त्याने नेमकी पकडली. नव्या श्रीमंताचे कपडे कडक इस्त्रीचे असतात, पिढीजात श्रीमंताला कोपराला विरलेला स्वेटर चालतो. लॉरेनने तो विरलेपणाच पहिल्या दिवसापासून विकायला ठेवला.

मग दुकानं. १९८६ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या मॅडिसन अॅव्हेन्यूवरचा जुना ऱ्हाइनलँडर वाडा घेऊन त्याचं दुकान केलं : जिना, काळपट लाकूड, भिंतीवर कुणाकुणाच्या पूर्वजांची तैलचित्रं. पूर्वज विकत मिळतात, हे अमेरिकेला तेव्हा कळलं. मासिकांत ब्रूस वेबरच्या छायाचित्रांच्या अनेक पानी जाहिराती येत. त्यांत मजकूर जवळपास नसे. कुत्री, मुलं, होडी, गवत. एकीकडे अगदी वरचं 'पर्पल लेबल', दुसरीकडे सवलतीच्या दुकानातला माल, आणि मध्ये पायऱ्यांवर पायऱ्या. १९९७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

याच काळात ब्रुकलिनमध्ये एक प्रकार घडला, जो कंपनीच्या जाहिरातीत कुणी कल्पिला नव्हता. १९८८ मध्ये क्राउन हाइट्स आणि ब्राउन्सव्हिल या गरीब वस्त्यांतल्या काळ्या पोरांनी 'लो-लाइफ्स' नावाची टोळी केली. मोठ्या दुकानांतून पोलोचे कपडे उचलायचे आणि डोक्यापासून पायापर्यंत तेच मिरवायचे. ज्या क्लबांच्या दारात त्यांना उभं केलं नसतं त्या क्लबांचे गणवेश त्यांनी अंगावर चढवले. त्यांच्यामुळे हा घोडा रॅप संगीतात शिरला आणि त्यातून ब्रँडला जे तरुण गिऱ्हाईक मिळालं ते वाड्यातल्या तैलचित्रांनी मिळालं नसतं. चोरीचं समर्थन मी करत नाही. पण घोड्यावर हक्क कुणाचा, हा प्रश्न त्या पोरांनी वकिलांच्या आधी विचारला होता.

वकीलही आलेच. यू. एस. पोलो असोसिएशन म्हणजे खेळाची नियामक संस्था, तिनेही आपलं नाव कपड्यांवर द्यायला सुरुवात केली आणि १९८४ मध्ये प्रकरण न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेलं. संस्थेचा युक्तिवाद साधा होता : आम्ही १८९० पासून पोलो चालवतो, पोलोचं नाव आणि घोडेस्वार आम्ही वापरायचा नाही तर कुणी? न्यायालयाने जे मानलं ते व्यवहाराला धरून होतं, पण ऐकायला विचित्र. खेळात तुम्ही जुने असाल, कपड्यांच्या बाजारात लॉरेन आधी आला. गिऱ्हाईक 'पोलो' म्हटल्यावर त्याचा शर्ट आठवतं. तुम्ही तुमचं नाव लावा, पण गोंधळ होणार नाही अशा बेताने.

बेत म्हणजे काय, यावर पुढची अडीच दशकं गेली. संस्थेने एकाऐवजी दोन घोडेस्वारांचं चित्र केलं. लॉरेनने त्यावरही दावा लावला. ज्युरीपुढे चार चित्रं होती : भरीव दोन स्वार, त्याखाली यूएसपीए अक्षरं असलेले भरीव दोन स्वार, नुसत्या बाह्यरेषेतले दोन स्वार आणि अक्षरांसह बाह्यरेषेतले. ज्युरीने फक्त पहिलं, अक्षरांवाचूनचं भरीव चित्र, नक्कल ठरवलं. बाकी तीन चालू राहिली. २००८ मध्ये अपिली न्यायालयाने हा निकाल कायम केला. म्हणून आज चौपाटीवर पाणीपुरी खाताना ओळखायचं सोपं झालं आहे : एकटा स्वार लॉरेनचा, जोडी असोसिएशनची. अत्तरात मात्र संस्था हरली. लॉरेनचं 'पोलो' अत्तर १९७८ पासून बाजारात होतं; संस्थेच्या निळ्या डबीतल्या अत्तराविरुद्ध २०११ मध्ये निकाल गेला आणि २०१३ मध्ये अपिलातही तोच टिकला. थोडक्यात, पोलो चालवणाऱ्यांना पोलोच्या नावाचं अत्तर विकता येईना. बेव्हर्ली हिल्स पोलो क्लबासारखी आणखी नावंही या बाजारात फिरतात. खोगीर, काठ्या, शिरस्त्राणं खरोखर बनवणारी अर्जेंटिनाची ला मार्तिना १९८५ पासून आहे आणि तिचे शर्टही निघतात, पण विजय नगरात तिचं नाव विचारलं तर 'कौन सी मार्टिना, भिया?' असं उत्तर येण्याचा संभव जास्त.

भारतात असोसिएशनचा घोडा आणला अहमदाबादच्या अरविंदने. लालभाई कुटुंबाची १९३१ पासूनची ही कापडगिरणी, डेनिमसाठी नावाजलेली. लॉरेनचा घोडा बऱ्याच उशिरा, २०१८ च्या सुमारास, आदित्य बिर्ला फॅशनबरोबर आला आणि मोठ्या शहरांतल्या मोजक्या दुकानांतच राहिला. दोन्ही व्यवस्था समजायला मराठी वाचकाला फार लांब जायला नको. मराठी फौजेत दोन तऱ्हेचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. स्वारी त्याची, घोडा धन्याचा. होळ गावच्या मल्हारराव होळकरांनी माळव्यात राज्य उभं केलं ते अशाच घोडदळाच्या बळावर. ब्रँडच्या परवान्याचा धंदा म्हणजे अस्सल बारगिरी आहे. कापड अरविंदचं, शिलाई इथली, दुकान इथलं, उधारी-वसुली इथली, माल पडून राहिला तर तोटा इथला. घोडा तेवढा परक्या पागेतला, आणि त्याचं भाडं विक्रीच्या हिशेबाने. बारगीर शूर असला म्हणजे नाव होतंच, पण लढाई संपल्यावर घोडा परत द्यावा लागतो. मल्हार नावाच्या मॉलच्या अंगणात हा करार रोज पार पडतो, हा योगायोग मला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

उंची कपडा इंदूरला नवा नाही. तुकोजीरावांचे चिरंजीव यशवंतराव होळकर हे १९३० च्या आसपास जगातल्या सर्वांत टापटिपीच्या तरुणांपैकी एक होते. फ्रेंच चित्रकार बर्नार्ड बुते द मोंव्हेल याने त्यांची दोन गाजलेली चित्रं काढली : एक पाश्चात्त्य संध्यावेषात, काळा झगा खांद्यावरून सोडलेला, दुसरं पांढऱ्याशुभ्र मराठी दरबारी पोशाखात, गादीवर. एकार्ट मुथेसिउस या जर्मन वास्तुकाराने त्यांच्यासाठी माणिकबाग राजवाडा बांधला आणि सजवला. या सगळ्या चित्रांत, फोटोंत एक गोष्ट दिसत नाही : कपड्यावर शिवणाऱ्याचं नाव. ते आतल्या बाजूला, लेबलावर असे. ज्याला सगळे ओळखतात त्याला छातीवर ओळखपत्र कशाला? घोडेस्वार बाहेर आला तो अशा गिऱ्हाइकासाठी, ज्याला अनोळखी गर्दीत आपली ओळख द्यायची आहे. खंडव्याहून, शाजापूरहून, बुऱ्हाणपूरहून नोकरीला आलेल्या आणि विजय नगरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या तरुणाला ती गरज खरी आहे. मुलाखतीला जाताना, पहिल्या पगाराला, मुलगी बघायला जाताना तो घोडा काम करतो. त्याला हसण्याचं कारण नाही. राजवाड्याच्या आसपास पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या, रामबागेतल्या-नारायण बागेतल्या मराठी घरांत अजूनही शिंप्याकडून शर्ट शिवून घेणारे आजोबा सापडतात. त्यांना आडनाव पुरत होतं.

कपड्याचं म्हणाल तर किमतीची शिडी उभी चढते. एका टोकाला रस्त्यावरचा तीनशे रुपयांचा, मधल्या पायरीवर दीड-दोन हजारांच्या घरातला दोन स्वारांचा, आणि वर दहा हजारांच्या आसपासचा एकट्या स्वाराचा. तिन्हींचा आराखडा एकच : अर्ध्या बाह्या, दोन-तीन बटणांची पट्टी, विणलेली कॉलर. फरक बघायचा तर घोडा सोडून बाकी सगळं बघावं. होजिअरीवाले ज्याला मॅटी किंवा पिके म्हणतात त्या विणीत टाके मध्येमध्ये दुमडून मधाच्या पोळ्यासारखा उठाव येतो. त्या उठावामुळे कापड अंगाला चिकटत नाही आणि घाम सुटायला वाट मिळते. स्वस्त मालात ती वीण पॉलिस्टरमिश्रित, म्हणजे 'पीसी मॅटी'ची असते : दिसायला तशीच, अंगाला गरम. कॉलर बघावी, सैल विणीची कॉलर चार धुण्यांत टोकं वळवते. मानेच्या आतल्या शिवणीवर पट्टी आहे का, बाजूच्या चिरेशी मागची बाजू लांब आहे का, बटणामागे कापडाचा आधार आहे का, हे बघावं. सूत कोंब्ड असलं, म्हणजे विंचरून आखूड तंतू काढून टाकलेलं असलं, तर कापडावर गोळे धरत नाहीत. हे सगळं चांगलं असलेला शर्ट बनवायला लागणारा खर्च आणि दहा हजार यांच्यामध्ये जी मोठी दरी उरते ती दरी म्हणजे मॅडिसन अॅव्हेन्यूवरचा वाडा, ब्रूस वेबरचे फोटो आणि अडीच दशकांची वकील फी.

हा शर्ट बनवायला जे लागतं ते सारं इंदूरच्या हाकेच्या अंतरावर आहे. निमाडात खरगोन-खंडव्याकडे कापूस पिकतो. पीथमपूरला प्रतिभा सिंटेक्ससारखे कारखाने सूत कातण्यापासून शिलाईपर्यंत सगळं करून परदेशी माल धाडतात. परदेशीपुऱ्यात रेडिमेड कपड्यांचं संकुल आहे, तुकोजीरावांच्या नावाचं एम. टी. क्लॉथ मार्केट आहे. शहरात कधी काळी मिलचे भोंगे वाजत. त्यांतली हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. तिच्या जवळपास ४,८०० कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा २२४ कोटींचा निकाल लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तोवर कित्येक कामगार वारलेही होते. कापूस, सूत, शिलाई, गिऱ्हाईक सगळं असताना एवढ्या मोठ्या कापडनगरीतून छातीवर लावण्याजोगं एक चित्र का निघालं नाही? माझ्या मते मिलवाल्यांनी कापड विकलं, मीटरवर. दूरची दुपार विकावी लागते हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर त्यांनी त्याला मुनीमाकडे पाठवलं असतं.

परवान्याच्या भाड्याचं पुढे काय होतं, हेही सांगायला हवं. यू. एस. पोलो असोसिएशन ही नफा वाटणारी कंपनी नव्हे, खेळाची संस्था आहे. कपड्यांच्या परवान्यातून येणारा पैसा ती खेळावर घालते : शाळा-कॉलेजांतल्या स्पर्धा, प्रशिक्षण, पंच, मैदानं. तिचे कपडे आता १९० देशांत विकले जातात असं ती सांगते, आणि भारत हा तिच्या मोठ्या बाजारांपैकी एक. २०२२ मध्ये असोसिएशनने फ्लोरिडातल्या वेलिंग्टन इथला इंटरनॅशनल पोलो क्लब मैदानांसकट विकत घेतला आणि त्याला नॅशनल पोलो सेंटर असं नाव दिलं. तिथल्या हिरवळीची निगा ज्या तिजोरीतून होते तीत विजय नगरच्या काउंटरवर भरलेल्या बिलांचाही एक बारीक वाटा आहे.